‘शक्यतो’ या शब्दाची किंमत

फेडोरा लिनक्सच्या भांडारात लिबपीएनजी (पीएनजी चित्रे हाताळणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) नावाचे पॅकेज आहे आणि मिनजीडब्ल्यू६४-लिबपीएनजी नावाचेही आहे. पहिले लिनक्ससाठी, दुसरे विंडोजसाठी, आणि दोन्ही बांधली जातात लिनक्सवरच. एका प्रकारच्या मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड तयार करायचा याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. अशा लायब्ररी भांडारात कशा ठेवायच्या याची फेडोराकडे स्वतंत्र नियमावली आहे. तिचा विषय निघाला की वाद दोन ठरलेल्या वाटांनी जातो. मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमने मायक्रोसॉफ्टच्या बंदिस्त सिस्टिमसाठी का राबायचे, असे एक बाजू विचारते. दुसरी म्हणते, कंटेनर आहेत, विंडोजसाठी लायब्ररी पुरवणारे एमएसवायएस२ आहे, व्हीसीपीकेजी आहे, मग हे लोढणे गळ्यात कशाला? दोघेही ‘ठेवायचे की काढायचे’ यावर हमरीतुमरीवर येतात. ठेवलेली वस्तू ताजी राहते की कुजते, याकडे दोघांचेही लक्ष नसते.

माझे म्हणणे असे. या लायब्ररी भांडारात राहाव्यात, पण मूळ लिनक्स लायब्ररीची जी आवृत्ती, जे पॅच आणि जे बिल्ड-पर्याय असतील तेच विंडोजच्या प्रतीत असावेत, आणि निदान आवृत्ती व सुरक्षा-पॅच यांच्यापुरती ही अट बंधनकारक असावी. नियमावली आजही हेच सांगते. फक्त ती ‘शक्यतो’ म्हणून सांगते, आणि सगळा घोळ त्या ‘शक्यतो’मध्ये आहे.

या नियमावलीत नेमके काय आहे ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांनी ती वाचलेली नसते. विंडोजसाठीचा क्रॉस-कंपायलर फेडोरात आला तो जून २००९ मध्ये, फेडोरा ११ बरोबर. तेव्हा फक्त ३२-बिट विंडोज हे लक्ष्य होते. २०१२ च्या फेडोरा १७ पासून मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ ही कंपायलर-साखळी घेतली आणि ३२ व ६४-बिट अशी दोन लक्ष्ये झाली. सोर्स पॅकेजचे नाव मिनजीडब्ल्यू- ने सुरू होते आणि त्यातून मिनजीडब्ल्यू३२- व मिनजीडब्ल्यू६४- अशी दोन पॅकेजे निघतात. प्रत्येक लक्ष्याचा सिस-रूट, म्हणजे त्याचे स्वतंत्र घर, यूएसआरच्या खाली असते, त्यामुळे विंडोजच्या हेडर फाइली (लायब्ररीतल्या फंक्शनांच्या घोषणा) लिनक्सच्या हेडरमध्ये मिसळत नाहीत. डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणारी विंडोजची लायब्ररी-फाइल, बिनमध्ये जाते, कारण विंडोज डीएलएल शोधते ते आधी एक्सीच्या फोल्डरमध्ये आणि मग पाथमध्ये. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला लागणारी इम्पोर्ट लायब्ररी, म्हणजे .डीएलएल.ए फाइल, लिबमध्ये जाते. लिनक्सच्या पॅकेजात चालवायला लागणारे वेगळे आणि ‘डेव्हल’ वेगळे अशी फाळणी असते, ती इथे नाही. हे पॅकेज घेणारा प्रत्येक जण कंपाइल करायलाच घेतो, मग फाळणी कोणासाठी करायची? मूळ पॅकेजात असलेली मॅन पाने इथे पुन्हा भरायची नाहीत. स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटातच जाणारी, लायब्ररी हवीच असेल तर वेगळ्या उप-पॅकेजात. आणि पॅकेज ‘नोआर्क’, म्हणजे कोणत्याही एका प्रोसेसरशी न बांधलेले, कारण आतला विंडोज कोड इंटेलच्या मशीनवर बांधला काय आणि आर्मच्या मशीनवर बांधला काय, चालणार तो विंडोजवरच. विंडोजच्या वापरकर्त्याला तयार ॲप्लिकेशन्स पुरवण्याचा हा उपक्रम नाही. विंडोजचे तोंडही न पाहता विंडोजसाठी प्रोग्रॅम बांधता यावा, एवढाच त्याचा हेतू.

आता पहिला आक्षेप. तो भावनिक आहे म्हणून झटकून टाकू नये, त्यात तथ्य आहे. मेंटेनरचा, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचा, वेळ फुकटचा असला तरी अमर्याद नसतो, आणि तो बंदिस्त प्लॅटफॉर्मची सोय वाढवण्यात गेला तर मुक्त प्लॅटफॉर्मच्या वाट्याला तेवढा कमी येतो. पण इतिहास काय सांगतो? १९८७ मध्ये ग्नू या मुक्त सिस्टिमच्या प्रकल्पाचा जीसीसी हा कंपायलर पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा तो व्हॅक्स आणि सनच्या मशीनवर चालत होता. त्या मशीनवरची सिस्टिम मुक्त नव्हती. ग्नूचे कर्नल तयार नव्हते आणि लिनक्सचा जन्म व्हायला चार वर्षे होती. मुक्त कंपायलर, मुक्त एडिटर, मुक्त शेल हे सगळे बंदिस्त युनिक्सवर रांगायला आणि चालायला शिकले. त्या वेळी कोणी ‘सनसाठी का राबायचे’ म्हणून कामच थांबवले असते, तर लिनक्सचे कर्नल १९९१ मध्ये कशाने कंपाइल केले असते?

शिवाय हे काम विंडोजवाल्यांसाठीच आहे ही समजूतही आता जुनी झाली. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे वाइन जानेवारी २०२० च्या ५.० आवृत्तीपासून आपली बहुतेक अंतर्गत मॉड्यूल्स पीई स्वरूपात, म्हणजे खुद्द विंडोजच्याच स्वरूपात बांधते. त्यासाठी मिनजीडब्ल्यू कंपायलर लागतो. ७.० मध्ये झेडलिब, लिबपीएनजी, लिबएक्सएमएल२ अशा लायब्ररी वाइनच्या सोर्सबरोबर आल्या, आणि बाहेरच्या पीई लायब्ररी वापरण्याची सोयही ठेवली गेली. म्हणजे लिनक्सवर विंडोजचा एखादा खेळ खेळणाऱ्या माणसालाही क्रॉस-कंपाइल केलेली झेडलिब लागते. तिकडे आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या तपासण्यांमध्ये विंडोजचे बिल्ड होते ते फेडोराच्या कंटेनरमध्ये, याच पॅकेजांवर. व्हर्ट-व्ह्यूअरसारखे साधन विंडोजवर चालते म्हणूनच डेस्कवर विंडोज असलेला ॲडमिन लिनक्स सर्व्हरवरच्या आभासी मशीन पाहू शकतो. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे हार्फबझ. देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवून दाखवण्याचे काम जीटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवरच्या प्रोग्रॅममध्ये पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत ही लायब्ररी करते, आणि तेच प्रोग्रॅम विंडोजवर नेताना ती सोबत डीएलएल म्हणून जाते. जुनी हार्फबझ गेली तर ‘र्‍य’ किंवा ‘ऱ्ह’च्या मांडणीतली, मूळ लायब्ररीत कधीच दुरुस्त झालेली चूकही तिच्याबरोबर जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एमएसवायएस२ कडे लायब्ररींचा साठा प्रचंड आहे. तो खुद्द विंडोजवर बांधला जातो, म्हणून टेस्ट तिथल्या तिथे चालवून बघता येतात. २०१६ पासून मायक्रोसॉफ्टचे व्हीसीपीकेजीही आहे. मग फेडोरातल्या आठ-दहा उत्साही लोकांनी हा संसार कशाला मांडायचा? हे मान्य की विंडोजवर बसूनच काम करणाऱ्याने एमएसवायएस२ घ्यावे, त्यात वाद नाही. पण ज्याचे सगळे बिल्ड लिनक्सवर चालते, त्याला एका लायब्ररीसाठी विंडोजचे मशीन, त्याचे लायसन्स आणि त्याचे अपडेट सांभाळायला लावणे हा उपाय कसला? आणि डीएलएल इकडून-तिकडून गोळा करता येत नाहीत, हे ठासून सांगायला हवे. विंडोजवर सी भाषेचा रनटाइम एकच नसतो. जुना एमएसव्हीसीआरटी आहे आणि २०१५ मध्ये आलेला यूसीआरटी आहे. एका रनटाइमच्या मॅलॉकने दिलेली मेमरी दुसऱ्याच्या फ्रीला दिली की प्रोग्रॅम कोसळतो, कारण दोघांचे हिशेब वेगळे. फाइल पॉइंटरचीही तीच गत. सी++ मध्ये एक्सेप्शन हाताळण्याच्या एसजेएलजे, ड्वॉर्फ आणि एसईएच अशा तीन तऱ्हा आहेत. दोन डीएलएलमध्ये त्या वेगळ्या असतील तर एकीने फेकलेला एक्सेप्शन दुसरीला झेलता येत नाही. लिंक करताना यातले काहीच दिसत नाही, दिसते ते ग्राहकाच्या मशीनवर. एकाच कंपायलरने, एकाच रनटाइमवर, एकाच पर्यायांनी बांधलेला संपूर्ण संच हीच वितरणाने देण्याची वस्तू. आणि कंटेनर? तो डबा आहे, त्यात भाजी कोणीतरी शिजवून भरावीच लागते.

हे दोन आक्षेप ओलांडले की खरा प्रश्न समोर येतो. संच आहे, पण त्याची आवृत्ती कोणती?

सप्टेंबर २००४ ची गोष्ट जुन्या विंडोज ॲडमिनना आठवत असेल. जेपीईजी चित्र उघडताच मशीन ताब्यात देणारी चूक मायक्रोसॉफ्टच्या जीडीआय प्लस या लायब्ररीत सापडली आणि एमएस०४-०२८ ही सूचना निघाली. विंडोजचे अपडेट टाकले म्हणजे काम संपले असे झाले नाही. जीडीआयप्लस.डीएलएल अनेक प्रोग्रॅमनी आपापल्या फोल्डरमध्ये स्वतंत्र ठेवलेली होती, आणि विंडोज आधी त्या फोल्डरमध्येच बघते. शेवटी कुठे-कुठे जुनी प्रत पडली आहे ते शोधायला मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. प्रती जिथे दुरुस्तीच्या वाटेपासून तुटतात तिथे हेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रांच्या लायब्ररीमधल्या सीव्हीई-२०२३-४८६३ या सुरक्षा-त्रुटीने तोच धडा पुन्हा दिला. ब्राउझर काही दिवसांत दुरुस्त झाले, पण लिबवेबपी पोटात घेऊन बसलेल्या असंख्य ॲप्लिकेशन्सना आपापली वेगळी दुरुस्ती काढावी लागली.

लिनक्स वितरणे या रोगावरचा उतारा म्हणून मिरवतात, आणि ते खरेही आहे. लायब्ररी एकच, दुरुस्ती एकदाच, लाभ सगळ्यांना. पण क्रॉस-कंपाइल केलेली लायब्ररी वेगळ्या सोर्स पॅकेजात असते, तेव्हा वितरण आपल्याच घरात जीडीआय प्लसचा प्रयोग लावते. मूळ पॅकेजचा मेंटेनर एक, मिनजीडब्ल्यूचा दुसरा. पहिला सुरक्षेची दुरुस्ती त्याच दिवशी टाकतो. दुसरा परीक्षेत असेल, प्रवासात असेल किंवा त्याला पत्ताच नसेल. वापरकर्ता ‘लायब्ररी दुरुस्त झाली’ असे वाचतो आणि निश्चिंत होतो. त्याने विंडोजसाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र जुनीच डीएलएल जाते. इथे दोष कोणाच्या आळसाचा नाही. एकाच गोष्टीच्या दोन पाककृती दोन वह्यांत लिहिल्या की एका वहीत मीठ वाढवलेले दुसरीत राहून जाणारच.

आवृत्ती जुळण्याचे दुसरे कारण सुरक्षेपेक्षा रोखठोक आहे, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. क्रॉस-कंपाइल करताना काही साधने बिल्ड चालू असतानाच चालवावी लागतात. प्रोटोबफचे प्रोटॉक, क्यूटीचे मॉक, जीलिबचे रिसोर्स-कंपायलर ही त्यातली. विंडोजची एक्सी लिनक्सवर चालत नाही, म्हणून ही साधने लिनक्सच्या मूळ पॅकेजातून घ्यावी लागतात. म्हणजे कोड लिहून देणारे साधन मूळ पॅकेजचे आणि हेडर फाइली मिनजीडब्ल्यू पॅकेजच्या. दोघांच्या आवृत्त्या फारकत घेऊन बसल्या असतील तर काय होते? प्रोटॉकने लिहिलेल्या फाइलच्या सुरुवातीलाच आवृत्तीची तपासणी असते, ती जुळली नाही की कंपायलर तिथेच थांबतो. मॉकही तसेच करतो. क्यूटी ६ क्रॉस-कंपाइल करायला तर होस्टवरचे क्यूटी ६ हाताशी असावेच लागते. अशा लायब्ररींच्या बाबतीत ‘शक्यतो जुळवा’ म्हणणे म्हणजे ‘शक्यतो किल्ली कुलपाची असावी’ म्हणण्यासारखे आहे.

आणि ही मागणी काही जगावेगळी नाही. ६४-बिट फेडोरावर ३२-बिट लायब्ररी चालतात, त्या त्याच स्पेक फाइलमधून, म्हणजे पॅकेज बांधण्याच्या पाककृतीतून, निघतात. ३२-बिट जीलिबसीचा वेगळा मेंटेनर नेमा, असे कोणी म्हणाले आहे का? डेबियनने मल्टिआर्क आणताना तर नियमच करून टाकला: ‘सेम’ असा शिक्का असलेली लायब्ररी दोन आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या दोन जातींसाठी, शेजारी-शेजारी बसवायची तर आवृत्ती तंतोतंत तीच हवी, नाहीतर पॅकेज मॅनेजर ती बसवूच देत नाही. छोट्या यंत्रांसाठी लिनक्स बांधणाऱ्या योक्टोमध्ये एका रेसिपीत एक ओळ वाढवली की त्याच रेसिपीतून लक्ष्य-मशीनसाठीचे, बिल्ड-मशीनसाठीचे आणि एसडीकेसाठीचे अशी तीन रूपे निघतात. निक्स या पॅकेज मॅनेजरच्या निक्सपीकेजीएस भांडारात एकच वर्णन लिनक्ससाठी आणि विंडोजसाठी वापरले जाते. बिल्ड करताना चालणारी साधने आणि लक्ष्यात जाणाऱ्या लायब्ररी यांच्या याद्या तिथे वेगळ्या लिहाव्या लागतात, एवढीच शिस्त. फेडोरातही अलीकडे लिबओएसइन्फो, जीटीके-व्हीएनसी अशा पॅकेजांनी आपल्या मूळ स्पेकमध्येच मिनजीडब्ल्यूची उप-पॅकेजे घेतली आहेत. वाट पाडलेली आहे.

यावर विरोधकांचे उत्तर असे: विंडोज हे आर्किटेक्चर नव्हे, ती वेगळी सिस्टिम आहे. आर्मवर बांधायचे म्हणजे तोच ग्नू-लिनक्स दुसऱ्या प्रोसेसरवर, विंडोजवर मात्र सगळे शास्त्रच वेगळे. हे खरे आहे आणि ते कमी लेखू नये. ६४-बिट लिनक्सवर ‘लाँग’ ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. पॉइंटर दोन्हीकडे ८ बाइटचा. पॉइंटर लाँगमध्ये कोंबणारा कोड लिनक्सवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो आणि विंडोजवर अर्धा पत्ता हरवून बसतो. लिनक्सवर एखादी सामायिक लायब्ररी (.एसओ फाइल) काही सिम्बॉल, म्हणजे बाहेरच्या फंक्शनांची नावे, अनुत्तरित ठेवून बांधता येते, ते लोड होताना सुटतात. डीएलएलमध्ये प्रत्येक सिम्बॉल लिंक करतानाच सुटला पाहिजे. लायब्ररी बांधून देणाऱ्या लिबटूलला ‘नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय दिला नसेल तर तो बिल्ड पाडत नाही, एक इशारा देतो आणि गुपचूप फक्त स्टॅटिक लायब्ररी बांधतो. हजार ओळींच्या लॉगमध्ये तो इशारा वाचतो कोण? बिल्ड हिरवे दिसते आणि पॅकेजात डीएलएलच नसते.

बिल्डआधी मशीन तपासणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फची आणखी एक खोड. मॅलॉकला शून्य बाइट मागितले तर काय मिळते हे पाहायला तो एक छोटा प्रोग्रॅम चालवतो. क्रॉस-कंपाइल करताना तो चालवता येत नाही, म्हणून जुन्या आवृत्त्या वाईट तेच गृहीत धरतात आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक हे नाव घालतात. ते फंक्शन प्रोजेक्टमध्ये कोणी लिहिलेलेच नसते, आणि शेवटी लिंकर त्याच्या नावाने बोंब मारतो. उत्तर कॅश-व्हेरिएबलमधून आधीच पुरवणे किंवा नव्या ऑटोकॉन्फने कॉन्फिगर पुन्हा तयार करणे, हे दोन उपाय. मूळ प्रोजेक्टला ती तपासणीच काढायला सांगणे हा तिसरा, आणि बहुतेक वेळा बरा. लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचा घोळ याहून फसवा आहे. त्याचा ‘पाथ’ हा व्हेरिएबल शोधाच्या यादीत फक्त भर घालतो, ‘लिबडिर’ हा यादीच बदलतो. पहिलाच दिला तर विंडोजची लायब्ररी सापडली नाही की तो शांतपणे लिनक्सची दाखवतो. कॉन्फिगर म्हणतो ‘आहे’, आणि अर्ध्या तासाने लिंकर म्हणतो ‘ही जुळत नाही’. सीमेक या बिल्ड-साधनात हीच गोष्ट शोधाच्या मुळावर ठरते: लायब्ररी आणि हेडर फक्त सिस-रूटमध्ये शोधायचे, प्रोग्रॅम मात्र सिस-रूटमध्ये कधीच शोधायचे नाहीत, कारण तिथली एक्सी इथे चालणार नाही. फेडोराचे मॅक्रो हे सगळे बरोबर लावून देतात. ते टाळून हाताने कॉन्फिगर लिहिणारा माणूसच या खड्ड्यात पडतो.

पण या अडचणी वेगळ्या स्पेकच्या बाजूने जातात की विरुद्ध? पॉइंटर लाँगमध्ये कोंबणे ही चूक मूळ कोडची आहे, नो-अनडिफाइन्ड विसरणे ही मूळ प्रोजेक्टच्या मेकफाइलची आहे. त्यांची दुरुस्ती जायला हवी मूळ प्रोजेक्टकडे, आणि तिकडे रोजची ये-जा असते ती मूळ पॅकेजच्या मेंटेनरची. वेगळ्या स्पेकमध्ये काय होते? पॅच तिथेच साठतात, दर आवृत्तीला सरकवावे लागतात, आणि एक दिवस सरकेनासे होतात. त्या दिवशी मिनजीडब्ल्यू पॅकेज त्या आवृत्तीवर गोठते.

आता सगळ्यात कठीण मुद्दा, जो जाहीर वादात क्वचितच येतो. स्वतंत्र मिनजीडब्ल्यू पॅकेज नोआर्क असल्यामुळे कोजीवर, म्हणजे फेडोराच्या बिल्ड-यंत्रणेवर, एकदाच बांधले जाते: दोन लक्ष्ये, दोन बिल्ड. तेच मूळ स्पेकमध्ये घातले की मूळ पॅकेज ज्या चार-पाच आर्किटेक्चरवर बांधले जाते, त्या प्रत्येकावर विंडोजची दोन्ही बिल्डही होतात. दोनाची आठ-दहा होतात, आणि ठेवायची शेवटी एकच प्रत. वर कोजी या नोआर्क प्रतींची आपसात तुलना करते. एका आर्किटेक्चरवर एखादी फाइल जास्त निघाली किंवा डिपेंडन्सी वेगळी आली की सगळे बिल्ड नापास. म्हणजे विंडोजच्या बाजूची किरकोळ कुरबुर लिनक्सची सुरक्षा-दुरुस्ती अडवून धरू शकते. मूळ मेंटेनर यालाच घाबरतो आणि त्याचे घाबरणे रास्त आहे. शिवाय तांत्रिक अडथळे आहेत. मूळ बिल्ड सोर्स फोल्डरमध्येच केले असेल, तर पुढे मिनजीडब्ल्यूचे कॉन्फिगर ‘सोर्स फोल्डर आधीच कॉन्फिगर झाले आहे’ म्हणून नकार देते. त्यामुळे मूळ बिल्डही वेगळ्या फोल्डरमध्ये न्यावे लागते. डिबग माहिती वेगळी काढण्याचा मिनजीडब्ल्यूचा मॅक्रो इन्स्टॉल विभागाच्या शेवटी हाताने बोलवावा लागतो.

म्हणून सरसकट ‘सगळे एकाच स्पेकमध्ये’ ही घोषणा मला मान्य नाही. सी भाषेतली, पाच-दहा मिनिटांत बांधून होणारी लायब्ररी असेल तर एकच स्पेक. तासन्‌तास बिल्ड होणारे क्यूटी त्यात घालू नये, ते वेगळेच राहावे. पण वेगळे ठेवायचे म्हणजे मोकळे सोडायचे असे नाही. फेडोरात साइड-टॅग, म्हणजे बिल्डसाठीची बाजूची वेगळी जागा, असतो: मूळ आणि मिनजीडब्ल्यू ही दोन्ही पॅकेजे एकाच साइड-टॅगमध्ये बांधायची आणि बोधीवर, म्हणजे अपडेट पाठवण्याच्या यंत्रणेवर, एकाच अपडेटमध्ये पाठवायची. एक अडले तर दोन्ही अडलेली दिसतील. सुरक्षा-दुरुस्तीची घाई असेल तेव्हा मूळ पॅकेज पुढे जाऊ द्यावे आणि मिनजीडब्ल्यूच्या नावे बग उघडावा. एकत्र स्पेकमध्येही मिनजीडब्ल्यूचा भाग एका स्विचमागे ठेवायचा, जो आरएचईएलसाठी (फेडोरावरून बनणाऱ्या रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्ससाठी) मुळातच बंद असतो आणि आणीबाणीत फेडोरासाठीही एका ओळीत बंद करता येतो. ‘विंडोजमुळे लिनक्स अडेल’ ही भीती इथे संपते, आणि स्विच बंद केल्याची नोंद स्पेकच्या इतिहासात राहते. वेगळ्या पॅकेजचे मागे पडणे कुठेच नोंदले जात नाही.

टेस्ट चालवता येत नाहीत, हा आक्षेप राहतो. वाइन वापरून चालवाव्यात म्हटले तर वाइन एस३९०एक्स किंवा पीपीसी६४एलई या प्रोसेसरवर नाही, आणि नोआर्क बिल्ड कोणत्या बिल्डरवर पडेल याची हमी नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. पण चालवल्याशिवायही बरेच तपासता येते, आणि तिथे नियमावली दिसते त्यापेक्षा शहाणी आहे. फाइलींच्या यादीत डीएलएलची नावे तारांकन न वापरता पूर्ण लिहा, हा नियम अनेकांना जाचक वाटतो. लिबपीएनजी१६-१६.डीएलएल असे लिहिले असेल तर दोन चुका आपोआप पकडल्या जातात. लिबटूलने गुपचूप स्टॅटिकच बांधले तर ‘फाइल सापडली नाही’ म्हणून बिल्ड पडते. एबीआय, म्हणजे बांधलेल्या प्रोग्रॅमशी असलेला लायब्ररीचा करार, बदलून नावातला आकडा बदलला तरी पडते, आणि यावर अवलंबून असलेली पॅकेजे पुन्हा बांधायची आहेत हे मेंटेनरला कळते. तारांकन टाकले की दोन्ही चुका चाळणीतून खाली. तसेच ऑब्जडंप या साधनाने डीएलएलचा मथळा वाचला तर ती कोणकोणत्या डीएलएल मागते ते दिसते, डिपेंडन्सीही त्यावरूनच लागतात. त्या यादीत नको ते नाव आले तर टेस्ट न चालवताही कळते की काहीतरी भलतेच लिंक झाले आहे.

पळवाटा मात्र हव्यात. फेडोरा ४० मध्ये झेडलिबची जागा झेडलिब-एनजीने घेतली. उद्या कोणी विचारले की विंडोजच्या बाजूनेही आजच्या आज तसेच करायचे का, तर ‘हो’ हे उत्तर डोळे मिटून देता येत नाही. डीएलएलचे नाव आणि एबीआय पाहूनच ठरवावे लागते. बिल्ड-पर्यायांचेही तसेच. लिनक्सच्या सिस्टिमडीशी बोलणारा भाग विंडोजच्या प्रतीत बंदच ठेवावा लागणार. माझा आग्रह आवृत्ती आणि सुरक्षा-पॅच यांच्याबाबत सक्तीचा आहे, पर्यायांबाबत मी हटून बसणार नाही.

मेंटेनरांवरचा भार हलका करायचा असेल तर आवृत्तीत सवलत देण्याऐवजी ३२-बिट लक्ष्य कमी करावे. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. वाइनला आणि इन्स्टॉलर बांधणाऱ्या साधनांना अजून ३२-बिट पीई लागते, तेवढ्या मोजक्या लायब्ररी ठेवाव्यात. बाकीच्यांची बिल्ड निम्म्यावर येतील, आणि कोजीवर आठ-दहा होणार म्हणून जो हिशेब वर मांडला तोही निम्मा होईल.

नियमाचा मसुदा मग अवघड उरत नाही. ‘शक्यतो’ काढून ‘असलीच पाहिजे’ लिहायचे. ज्या पॅकेजला सूट हवी त्याच्या स्पेकमध्ये आवृत्तीच्या ओळीच्या वर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: आवृत्ती का जुळत नाही, मूळ प्रोजेक्टकडे त्याचा बग कोणता, आणि पुढच्या कोणत्या फेडोरापर्यंत ही सूट चालेल. ती मुदत संपली आणि आवृत्ती तरीही मागेच असेल, तर ते पॅकेज अनाथ पॅकेजांच्या यादीत जावे.